प्याद्याचा वजीर : दुर्लक्षित सोंगट्यांच्या उद्धाराची कथा

वसंत पंचमीला बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात अक्षराभ्यासासाठी जी रीघ लागते, तिचे वर्णन आपल्या वाचकांपुढे करण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील दोन-तीन पिढ्यांनी पहिले अक्षर तेथेच गिरवले आहे. धाकट्या नातीला घेऊन आम्ही त्या रांगेत उभे असता, सोबत आलेला थोरला नातू भ्रमणध्वनीवरील एका खेळात गढून गेला होता. "देवीच्या दारात तरी तो फोन खिशात ठेव," असे आम्ही म्हणालो, तेव्हा मान वर न करता तो उत्तरला, "आजोबा, एकच मिनिट. ह्या सोंगटीला कुणी विचारत नाही, पण आता तिला हवी ती वस्तू मिळाली आहे. बघाच तुम्ही." आम्ही पाहिले. त्या सोंगटीने खरोखरच समोरचे सारे सैन्य लोळवले. रागावण्याचे विसरून आम्ही घरी येईपर्यंत त्याला प्रश्न विचारीत राहिलो, आणि त्या प्रश्नांतूनच हा लेख उभा राहिला.

ह्या खेळांना 'ऑटो बॅटलर' म्हणतात. खेळाडूने सोंगट्या विकत घ्यावयाच्या, पटावर मांडावयाच्या. लढाई त्या आपल्या आपण करतात. २०१९ च्या जानेवारीत चीनमधील ड्रोडो स्टुडिओ ह्या मंडळीने 'डोटा ऑटो चेस' ह्या नावाने हा प्रकार आणला. नावातच 'चेस' म्हणजे बुद्धिबळ आहे, आणि पटही आठ बाय आठ घरांचाच होता. त्याच वर्षी जूनमध्ये रायट गेम्स ह्या अमेरिकन कंपनीने 'टीमफाइट टॅक्टिक्स' हा खेळ काढला, आणि नातू खेळत होता तो हाच. त्यात आठ खेळाडू एकाच वेळी परस्परांशी स्पर्धा करतात. सोंगट्यांची किंमत एक नाण्यापासून पाच नाण्यांपर्यंत असते. सारख्या तीन सोंगट्या जमल्या की त्यांची एक वरच्या दर्जाची सोंगटी होते, आणि प्रत्येक सोंगटीला फार तर तीन वस्तू देता येतात. स्वस्त सोंगट्या सुरुवातीला कामाला येतात, मग महागड्या मिळू लागल्या की त्यांना पटावरून उतरवले जाते. काही सोंगट्या तर कोणी घेतच नाही. अशा सोंगटीला नेमकी वस्तू मिळाली म्हणजे तिचे दैव कसे फिरते, हा नातवाच्या आनंदाचा विषय होता.

हे ऐकताना आम्हांस वाटले की ही काही नवी गोष्ट नव्हे. पटावरील निष्प्रभ सोंगट्यांना कर्तृत्व कसे द्यावे, हा प्रश्न बुद्धिबळाइतकाच जुना आहे, आणि त्याच्या उत्तरांच्या इतिहासात आपल्या दख्खनचाही वाटा आहे.

आज आपण ज्याला वजीर म्हणतो ती सोंगटी पटावर सर्वांत बलाढ्य समजली जाते. हजार वर्षांपूर्वी तिची स्थिती दीनवाणी होती. चतुरंगातून निघून इराण-अरबस्तानात गेलेल्या 'शतरंज' ह्या खेळात तिला फर्जी म्हणत आणि ती केवळ एक घर तिरपी सरकत असे. चौसष्टांपैकी बत्तीसच घरे तिला मिळत. तिच्या शेजारच्या हत्तीची (आजच्या उंटाच्या जागी तेव्हा हत्ती असे) गत त्याहून वाईट होती. तो तिरपा दोन घरे उडी मारी, आणि ह्या उडीमुळे सबंध पटावरील फक्त आठ घरे त्याच्या वाट्याला येत. दोन्ही बाजूंच्या चार हत्तींची मिळून बत्तीस घरे होत, पण एकाचे घर दुसऱ्याला कधीच सापडत नसल्यामुळे हत्तीने हत्तीला मारण्याचा प्रसंगच येत नसे. अरबी ग्रंथकारांनी सोंगट्यांचे मोल नाण्यांत लावून ठेवले होते. कोपऱ्यातील रुख एक दिरहम धरला, तर घोडा त्याच्या दोनतृतीयांश, फर्जी सुमारे एकतृतीयांश आणि हत्ती अवघा पाव. नातवाच्या खेळातील सोंगट्यांच्या नाण्यांच्या किमती ऐकल्या तेव्हा आम्हांस ह्याच हिशेबाची आठवण झाली.

ही दुर्बलता सर्वत्र सारखी नव्हती. अल्बेरुनीने इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानचे जे वर्णन लिहिले, त्यात येथील चौघांच्या बुद्धिबळातील हत्ती एक घर पुढे आणि चारही तिरप्या दिशांना एकेक घर जातो, असे नोंदवले आहे. चार पाय आणि एक सोंड अशी पाच घरे. म्हणजे येथील खेळणाऱ्यांनी हत्तीला आपल्या परीने कामाला लावले होते. पुढे शंभर वर्षांनी, आपल्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकींत, त्याने चतुरंगालाही मानाचे स्थान दिले. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातील 'नीतिमयूख' ह्या भागात राजनीतीच्या बरोबरीने बुद्धिबळाचेही प्रकरण आहे. हे भट्ट घराणे काशीला नावारूपाला आले, तथापि मूळचे पैठणचे. ज्या गोदावरीच्या काठी आपण राहतो, तिच्याच वरच्या अंगाला त्यांचे गाव. आपल्या पूर्वजांप्रमाणे तेही घर सोडून परमुलखात गेले, आणि तेथे त्यांनी आपल्या विद्येला नवे क्षेत्र मिळवून दिले.

परंतु आमच्या मते देशी बुद्धिबळाचा खरा चमत्कार प्याद्याच्या नियमात आहे. आमच्या लहानपणी वाड्याच्या ओसरीवर जो खेळ चाले, त्यात प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नसे. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर आयुष्यात एकदा त्याला घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. आणि प्यादे शेवटच्या घरात पोहोचले, म्हणजे ते ज्या उभ्या ओळीत पोहोचले त्या ओळीच्या मूळ मानकऱ्याचे रूप घेई. हत्तीच्या ओळीतले प्यादे हत्ती होई, घोड्याच्या ओळीतले घोडा, आणि राजा-वजिराच्या ओळीत पोहोचलेले वजीर. काही ठिकाणी तर ती मूळ सोंगटी आधी मेलेली असली तरच हा लाभ मिळे. त्यामुळे प्यादे नुसते पुढे ढकलून भागत नसे. त्याला कोणत्या ओळीत न्यावयाचे, वाटेत कोणाला मारून ओळ बदलावयाची, ह्याचा विचार पहिल्यापासून करावा लागे. आणि प्रतिपक्षावर प्याद्याने मात केली, ती 'प्यादेमात', तर त्या विजयाची शोभा काही निराळीच मानली जाई. आमचे आजोबा तीन-तीन डाव हरत, पण प्यादेमातीचा एक डाव साधला की आठवडाभर ओसरीवर तोच विषय. शेजारचे रेड्डी आजोबा ह्या खेळाला 'चदरंगम' म्हणत आणि प्याद्याला 'बंटु'. शब्द निराळे असले तरी त्या बंटूची महती दोघांनाही सारखीच पटलेली होती.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. स्पेनमधील वालेन्सिया येथे इ. स. १४७५ च्या सुमारास रचलेल्या एका काव्यात वजीर आणि उंट ह्यांच्या आजच्या लांब चाली प्रथम आढळतात. १४९७ साली सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुना आणि नवा असे दोन्ही खेळ शेजारी शेजारी दिलेले आहेत. पटाच्या मध्यावरून फर्जीला चार घरे मिळत होती, त्या जागी नव्या वजिराला सत्तावीस मिळू लागली. उंटाला चाराची तेरा झाली. दोन दुर्बल सोंगट्यांचे पारणे फिटले, आणि त्यांच्याबरोबर तिसऱ्याचेही भाग्य उजळले. जुन्या शतरंजात शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे फर्जीच होई. फर्जीच दुबळा, म्हणून त्या बढतीला फारशी किंमत नव्हती. वजीर बलाढ्य होताच, प्याद्याच्या नियमात एक अक्षरही न बदलता, प्रत्येक प्यादे भावी वजीर म्हणून मोलाचे झाले. एकाला दिलेले बळ दुसऱ्याच्या पदरी कसे पडते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

नवे युरोपीय नियम आपल्याकडे इंग्रजांबरोबर आले. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या संस्कृत रचनेवरून केलेले बुद्धिबळाचे इंग्रजी पुस्तक छापले गेले, आणि ते युरोपीय पद्धतीला अनुसरून केले असल्याचे त्याच्या नावातच सांगितले होते. म्हणजे तेव्हापासून दोन्ही पद्धती एकमेकींना ओळखू लागल्या होत्या. देशी नियमांवर वाढलेल्या खेळाडूचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर पंजाबचा मीर सुलतान खान आठवावा. देशी पद्धत शिकलेला हा गडी इंग्लंडात गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. तरीही देशी नियम मागे पडत गेले. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती आंतरराष्ट्रीय नियमांची. तीत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. एक मराठी, एक तेलुगू. हा योग आम्हांस नेहमीच सुखावतो. सत्तर वर्षांनी, २०२५ साली, महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हम्पी समोरासमोर बसल्या, तेव्हा आमच्या घरात कोणाची बाजू घ्यावी ह्यावरून दोन तट पडले होते. दिव्या जिंकली, आणि सर्वांनीच पेढे खाल्ले.

बुद्धिबळाखेरीज अन्य खेळांनीही ह्या प्रश्नाची उत्तरे शोधली आहेत. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने असतात. राजा आणि प्रधान ह्यांच्या खालोखाल अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, एक्का सर्वांत लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत हाच क्रम उलटा, एक्का मोठा आणि दश्शी लहान. म्हणजे कोणतेही पान जन्मतः हलके नाही. ते कोणत्या रंगात जन्मले ह्यावर त्याचा मान ठरतो. जपानी बुद्धिबळात, ज्याला शोगी म्हणतात, मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या हाती जाते आणि तो ती आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवू शकतो. तेथील प्यादे शत्रूच्या मुलखात शिरले की उलटे करून ठेवतात आणि ते सुवर्णसेनापतीसारखे चालू लागते. लाकडाची तीच चकती, फक्त दुसरी बाजू वर.

आता पुन्हा नातवाच्या खेळाकडे येऊ. युरोपने सोंगटीची चालच बदलली, देशी पद्धतीने तिला जागेनुसार पद दिले, गंजिफाने क्रम उलटा केला. ह्या नव्या खेळांनी चौथा मार्ग काढला : सोंगटी तशीच ठेवावयाची, आणि तिच्या हाती एक साधन द्यावयाचे. दोन साधे घटक जोडून एक पूर्ण वस्तू तयार होते. सोंगटीत काय उणे आहे ते पाहून ती वस्तू निवडावी लागते. एखाद्या मांत्रिकाचा मंत्र जबरदस्त, परंतु तो म्हणण्याइतकी शक्ती साठेपर्यंत बिचारा मरून जातो. त्याला शक्ती लवकर भरून देणारी वस्तू दिली की तोच पट गाजवतो. एखादा वीर आघाताला भारी पण अंगाने नाजूक. त्याला दिलेल्या घावातून प्राण परत मिळवून देणारे शस्त्र मिळाले की तो टिकतो. सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातील उलथने. हो, सोन्याचे उलथने! ते दुसऱ्या घटकाशी जोडले की एक बिल्ला तयार होतो, आणि तो ज्या सोंगटीला लावावा तिला, जन्माने त्या कुळाची नसतानाही, त्या कुळाचे सभासदत्व मिळते. एका कुळाच्या पुरेशा सोंगट्या जमल्या की सर्वांचेच बळ वाढते, त्यामुळे कोपऱ्यात पडलेली परकी सोंगटी एकाएकी अत्यावश्यक होते. २०२२ च्या डिसेंबरात ह्याच खेळात विशिष्ट सोंगटीसाठीच राखलेली वरदाने आणली गेली, आणि काही काळ एक-एक नाण्याच्या सोंगट्या सेनापतीच्या थाटात लढल्या.

ह्यात एक धोकाही आहे, आणि तो नातवानेच सांगितला. एखादी वस्तू एखाद्या सोंगटीला फारच मानवली, की सारे खेळाडू तीच जोडी करू लागतात आणि दुसऱ्या दहा सोंगट्या विस्मृतीत जातात. मग खेळ करणारी मंडळी ठरावीक अंतराने आकडे बदलून तोल सावरतात. शिवाय वस्तू मोजक्याच असतात. ज्याला द्यावी त्याला उणीव कशाची आहे हे न पाहता दिलेली वस्तू फुकट जाते. नाजूक मांत्रिकाला जड तलवार देऊन काय उपयोग?

ह्या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थबकलो, कारण ते आमच्या स्वतःच्या नोकरीवर येऊन आदळले.

महसूल खात्यात असताना जिल्ह्यातील एका मंडल कचेरीत आमच्या हाताखाली एक वृद्धत्वाकडे झुकलेले लेखनिक होते. आपल्यासारख्याच जुन्या मराठी घराण्यातले. आवक-जावकच्या टेबलावर बसत. कामात फार मंद. नोंदी चुकत, एका पत्रासाठी दोन दिवस लागत. आमच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना निरुपयोगी ठरवले होते, आणि आम्हीही विचार न करता तेच मत पुढे चालवले. गोपनीय अहवालात आम्ही दोन वर्षे त्यांच्याविषयी जे लिहिले, ते आठवून आजही संकोच वाटतो. पुढे एका जमिनीच्या तंट्यात निजाम राजवटीतील सेतवार पाहण्याची गरज पडली. कागद उर्दूत, आणि पक्षकाराने पुराव्यादाखल आणलेले घरचे कागद मोडीत. कचेरीत कोणालाच वाचता येईना. तेव्हा हे गृहस्थ टेबलावरून उठून आले आणि म्हणाले, "साहेब, मला दोन्ही येते. पण अक्षर बारीक आहे, दिसत नाही." त्यांच्या मंदपणाचे सारे रहस्य एवढेच होते. डोळे अधू झाले होते, आणि नोकरी जाईल ह्या भीतीने ते बोलत नव्हते. आम्ही बाजारातून एक चांगले भिंग आणवले आणि त्यांचे टेबल अभिलेखागारात खिडकीजवळ हलवले. एवढ्याने सेवानिवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या पावणेदोन वर्षांत त्या माणसाने जे काम केले, ते पाहण्यासाठी शेजारच्या मंडलांतून लोक येत. त्यांच्या आधीच्या अहवालांतील आमचे शेरे मात्र तसेच राहिले. ते आम्हांस पुसता आले नाहीत.

ते गृहस्थ आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी एकदा विचारले होते, "साहेब, मोडी शिकायला कुणी येईल का?" आम्ही 'बघू' म्हणालो. बघितले नाही. भिंग दिले, परंतु शिष्य दिला नाही. ही आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

आपण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी येथेच राहिलेली माणसे. किनवट, राजुरा पलीकडे गेले. आपण गोदावरीच्या ह्या अंगाला राहिलो, आंध्र प्रदेशात गेलो, २०१४ नंतर तेलंगणाचे झालो. आपल्या घरांतील जुन्या पेट्यांत इनामांचे, वाटण्यांचे, लग्नाच्या याद्यांचे मोडी कागद अजून आहेत. ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती बहुधा ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली असतात, कारण त्यांना आता कोणी काही विचारीत नाही. दप्तर काही निरुपयोगी झालेले नाही, वाचणारेही नाहीत. दोघांची गाठ घालून देणारी वस्तू तेवढी हवी.

ती वस्तू आम्हांस परवा सापडली. आमच्या आजोबांच्या दप्तरातील एक कागद काढून आम्ही चष्म्याने वाचण्याची खटपट करीत होतो. नातवाने तो हातातून घेतला, त्याच फोनने त्याचे छायाचित्र काढले आणि दोन बोटांनी ताणून एकेक अक्षर वितीएवढे करून दाखवले. "आता वाचा," म्हणाला. सात ओळी लागल्या. आठवीत एक शब्द अडला. तो आमच्या चुलतीने, ज्यांचे वय नव्वदीला टेकले आहे, पाहताक्षणी सांगितला. नातू त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि विचारू लागला, "आजी, हे 'क' असं का लिहिलंय?"

आपल्या मंडळाच्या पुढील बैठकीला सभासदांनी घरातील एखादा तरी मोडी कागद, तो वाचू शकेल असे घरातील एखादे वृद्ध माणूस, आणि फोन हाताळणारे एखादे नातवंड, अशी तिघांची जोड घेऊन यावे, अशी आमची विनंती आहे. कागद नसेल तर माणूस आणावे. माणूस नसेल तर नातवंड आणावे. शिकवणाऱ्या आमच्या चुलती आहेत, आणि त्यांना घाई आहे.